पन्हाळ्याचे चित्रपट आणि चोरीचा डांगोरा

पन्हाळगड मराठी चित्रपटाला अलीकडे चांगलाच फळला आहे. ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंद याने अवघ्या साठ मावळ्यांनिशी हा गड आदिलशाहीकडून हिसकावून घेतला. त्या पराक्रमावरचा 'फर्जंद' हा चित्रपट १ जून २०१८ रोजी पडद्यावर आला. त्याला प्रतिसाद मिळाल्यावर त्याच दिग्दर्शकाचा 'फत्तेशिकस्त' १५ नोव्हेंबर २०१९ रोजी आला आणि १८ फेब्रुवारी २०२२ रोजी, पन्हाळ्याचा वेढा व बाजीप्रभूंचे हौतात्म्य हा विषय घेऊन, 'पावनखिंड' आला. त्यानंतर या मालिकेला खंड पडलेला नाही. तलवारींच्या खणखणाटाला पुढचा भाग हवाच असतो आणि प्रत्येक पुढच्या भागाबरोबर दोन घोष ऐकू येतात. पहिला चित्रगृहातील जयजयकाराचा. दुसरा, काही दिवसांतच उठणारा, चोरीच्या डांगोऱ्याचा: चित्रपटाची चोरटी प्रत बाहेर पडली, भ्रमणध्वनीवर पसरली, निर्माता बुडाला, आणि जो ती पाहतो तो केवळ कायद्याचाच नव्हे तर महाराजांचाही गुन्हेगार होय!

हा दुसरा घोष नीट तपासून पाहण्याची वेळ आली आहे. चित्रपटाची चोरी होते ही गोष्ट खरी. ती करणारे परोपकारी नव्हेत, हेही खरे. परंतु चोरीच्या नावाने जी ओरड केली जाते तिच्यात प्रेक्षकाची नीतिमत्ता तेवढी पुढे येते. वितरणाची व्यवस्था, तिकिटाचा भाव आणि नफ्याची वाटणी या तीन गोष्टी पद्धतशीरपणे मागे पडतात. आणि खरा प्रश्न या तीन गोष्टींचाच आहे.

प्रतिक्रिया कशावर उमटतात?

गेल्या काही वर्षांत ऐतिहासिक चित्रपटांवर ज्या प्रतिक्रिया उमटल्या त्यांची नुसती यादी केली तरी पुष्कळ उलगडा होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'हर हर महादेव' या चित्रपटातील इतिहासाच्या मोडतोडीवरून ठाण्यात खेळ बंद पाडण्यात आला आणि त्या प्रकरणी एका माजी मंत्र्याला अटक झाली. जानेवारी २०२५ मध्ये 'छावा'च्या जाहिरातपटात संभाजीमहाराज लेझीम खेळताना दिसले म्हणून वादळ उठले आणि तो प्रसंग गाळण्यात आला. १४ फेब्रुवारीला चित्रपट प्रदर्शित झाल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणाला हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. मध्य प्रदेशात असिरगडाच्या परिसरात, मोगलांचे सोने पुरलेले आहे या समजुतीने, लोक रात्री शेते उकरू लागले. १७ मार्चला नागपुरात दंगल उसळली आणि या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग पुन्हा जागा झाला, अशा अर्थाचे विधान खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत केले.

या सर्व प्रतिक्रियांत मान, अपमान, वंश, वेश आणि सोने आहे. श्रम कोठेच नाही. पडद्यावरच्या मावळ्याने कोणते पागोटे घालावे यावर संपूर्ण महाराष्ट्र पोटतिडकीने बोलतो. त्या मावळ्याचा वेश अंगावर चढवून दिवसभर उन्हात धावणाऱ्या माणसाला संध्याकाळी किती रोज मिळाला, हे कोणी विचारीत नाही.

पन्हाळ्यावरच घडलेल्या एका घटनेचे स्मरण येथे करून दिले पाहिजे. मार्च २०२३ मध्ये गडावर एका मोठ्या ऐतिहासिक चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. घोड्यांची देखभाल करण्यासाठी आणलेला एकोणीस वर्षांचा एक तरुण रात्रीच्या वेळी तटावरून खाली कोसळला आणि काही दिवसांनी रुग्णालयात मरण पावला. याच चित्रपटाची पहिली झलक काही महिन्यांपूर्वी दाखविली गेली तेव्हा शिवकालीन महालाच्या झुंबरात विजेचे दिवे कसे, यावर वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरले होते. मावळ्यांच्या वेशभूषेवर छत्रपतींच्या वंशजांनी जाहीर आक्षेप नोंदविला होता. त्या तरुणाच्या मृत्यूला मात्र दोन दिवसांच्या बातमीपलीकडे जागा मिळाली नाही. झुंबराच्या दिव्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी तटावर रात्री उजेड पुरेसा होता काय, कठडा होता काय, कामगाराचा विमा होता काय, यावर झाली नाही. पन्हाळा ज्या साठ जणांनी घेतला त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत, याबद्दल इतिहासकाराला दोष देता येईल. चित्रपटाच्या धंद्याने आपल्या मावळ्यांची नावे ठेवू नयेत, याला तेवढेही निमित्त नाही.

इतिहासाची मालकी

चोरी या शब्दाला अर्थ येण्यासाठी आधी मालकी ठरावी लागते. म्हणून प्रश्न असा की, या चित्रपटांत जे विकले जाते ते मुळात कोणाचे?

२०२५ साली या प्रश्नाने मोठे मासलेवाईक रूप घेतले. २००९ सालच्या 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' या गाजलेल्या चित्रपटानंतर 'पुन्हा शिवाजीराजे भोसले' हा चित्रपट ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी यावयाचा होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा त्याचा विषय. मूळ चित्रपटाचे हक्क आपल्याकडे आहेत असे सांगणाऱ्या कंपनीने, या नव्या चित्रपटाने आपल्या हक्कांचा भंग होतो, अशी तक्रार घेऊन मुंबई उच्च न्यायालय गाठले. न्यायालयाने प्रदर्शन रोखण्यास नकार दिला. कायद्याची बारीक बाजू वकिलांनी पाहावी. सामान्य वाचकाने एवढेच पाहावे की, कर्जापायी गळफास घेणाऱ्या शेतकऱ्याची कैफियत शिवाजीमहाराजांच्या तोंडून ऐकविणारा चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी दोन मालकांत हक्काचा दावा उभा राहिला. त्या दाव्यात महाराज नव्हते आणि शेतकरीही नव्हता.

शिवकालाचा इतिहास या धंद्याने विकत घेतलेला नाही. तो आयता मिळालेला आहे. बखरकारांनी लिहिला, नकलनविसांनी हाताने प्रती करून टिकविला, शाहिरांनी गावोगाव गाऊन पसरविला, संशोधकांनी दप्तरांच्या धुळीतून वर काढला, तेव्हा तो पटकथाकाराच्या मेजावर आला. सभासदाची बखर १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिली गेली. ती आज वाचता येते ती नकलांमुळेच. अफजलखानवधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाला घोडा व सोन्याचा तोडा इनाम मिळाल्याचा उल्लेख त्या पोवाड्यातच आहे. या व्यवहाराचे अर्थशास्त्र ध्यानात घेण्यासारखे आहे. रचना करणाऱ्याला त्याच्या श्रमाचे मोल एकदा नीट देण्यात आले आणि नंतर पोवाडा मोकळा सोडण्यात आला. ज्याला तो पाठ झाला त्याने तो गायला. ऐकणाऱ्या प्रत्येक कानावर कोणी पट्टी बसविली नाही.

चित्रपट म्हणजे पोवाडा नव्हे, त्याला कोट्यवधींचे भांडवल लागते, असा प्रतिवाद यावर होईल. तो योग्यच आहे. चित्रपटाची पहिली प्रत फार महाग असते आणि पुढची प्रत जवळजवळ फुकट असते. एकाने पाहिल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमी होत नाही. भाकरीचे तसे नसते. अशा वस्तूचा पहिला खर्च कोणी, कसा उचलावा हा अर्थशास्त्रातील जुना प्रश्न आहे. सार्वजनिक निधीतून तो उचलता येतो, वर्गणीतून उचलता येतो, किंवा दाराशी पहारेकरी बसवून प्रत्येकाकडून जमेल तेवढी वसुली करून उचलता येतो. चित्रपटाच्या धंद्याने तिसरा मार्ग पत्करला आहे. तो पत्करण्याचे स्वातंत्र्य त्याला असेलही. परंतु त्या पहाऱ्याचा खर्च सरकारी पोलिसांनी का सोसावा आणि त्याला देशभक्तीची झूल का चढवावी, याचे उत्तर कोणी देत नाही.

तोट्याचे आकडे आणि खिशाचे आकडे

चोरट्या प्रतींमुळे चित्रपटसृष्टीचे दरवर्षी वीस हजार कोटींचे नुकसान होते, असा आकडा २०२३ साली कायदा दुरुस्त करताना केंद्र सरकारने पुढे केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका सल्लागार कंपनीने आणि इंटरनेट उद्योगाच्या संघटनेने मिळून काढलेल्या अहवालात २०२३ सालातील चोरट्या व्यवहाराचा आकार २२,४०० कोटी रुपये धरण्यात आला. त्याच अहवालाप्रमाणे देशातील चित्रपट-मालिका पाहणाऱ्यांपैकी ५१ टक्के लोक चोरट्या मार्गाने काही ना काही पाहतात.

अशा आकड्यांच्या पोटात नेहमी एक गृहीत दडलेले असते. ज्याने चोरटी प्रत फुकट पाहिली तो, ती मिळाली नसती तर, पुरे पैसे मोजून पाहायला आलाच असता, हे ते गृहीत. पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यालाही मागणीचा नियम ठाऊक असतो: शून्य किमतीला जेवढे गिऱ्हाईक असते तेवढे दोनशे रुपयांना नसते. जो कधी येणारच नव्हता त्याच्या न येण्याला तोटा म्हणणे हे हिशेबात बसत नाही. आणि निम्मे लोक जर एखादा नियम मोडीत असतील तर निम्मा देश एकाएकी चोर झाला असे म्हणावयाचे, की बाजाराची रचनाच बिघडली आहे असे म्हणावयाचे? त्या अहवालातच लोकांनी दिलेली कारणे नमूद आहेत: वर्गणी परवडत नाही, हवे ते एका ठिकाणी मिळत नाही, पाच ठिकाणी पाच वर्गण्या भराव्या लागतात. फुकट पाहावयास मिळाले तर मध्ये जाहिराती सोसूनही अधिकृत मार्गानेच पाहू, असे त्यांतील निम्म्याहून अधिकांनी सांगितले. हे उत्तर चोरीची चटक लागलेल्या माणसाचे नव्हे.

आता पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवस्तीतील एका कुटुंबाचा हिशेब मांडावा. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. आईबाप आणि दोन मुले अशा चौघांनी कोल्हापूरला जाऊन चित्रपट पाहावयाचा तर तिकीट दोनशे रुपये धरले तरी आठशे रुपये होतात, म्हणजे अडीच दिवसांची मजुरी. एस.टी.चे भाडे, मुलांच्या हातात काही खाऊ आणि बुडालेला रोज वेगळाच. ज्या गडाच्या सावलीत ती मुले वाढली, ज्या शिवा काशिदाची आणि बाजीप्रभूंची गोष्ट त्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली, तीच गोष्ट पडद्यावर पाहण्याची ही किंमत आहे. शेजारच्या पोराच्या भ्रमणध्वनीवर ती फुकट दिसते. ते कुटुंब काय करील, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ नको.

पूर्वी तंबूतील सिनेमा जत्रेपर्यंत येत असे. तालुक्याच्या गावी एक पडदा असे आणि जमिनीवर बसून, थोड्या पैशांत, शेतमजूर चित्रपट पाही. ते एकपडदा चित्रगृह मोडले आणि त्याच्या जागी व्यापारी गाळे उभे राहिले. शहरात जी बहुपडदा चित्रगृहे झाली ती वस्तूंच्या बाजाराला जोडून झाली. म्हणजे गरीब प्रेक्षकाला चित्रपटगृहातून आधी बाहेर काढण्यात आले आणि तो बाहेर उभा राहून भिंतीच्या फटीतून पाहू लागला तेव्हा त्याला चोर ठरविण्यात आले! शेजारच्या कर्नाटकाने सप्टेंबर २०२५ मध्ये तिकिटाला दोनशे रुपयांची कमाल मर्यादा घातली. त्यावर चित्रगृहांचे चालक आणि निर्माते तत्काळ उच्च न्यायालयात गेले आणि अंतरिम स्थगिती घेऊन आले. प्रेक्षकांनी चोरटी प्रत पाहू नये म्हणून प्रेमाने आवाहन करणाऱ्या मंडळींना स्वस्त तिकीट मात्र सोसवत नाही.

कायद्याचा बडगा कोणावर?

चोरी रोखण्यासाठी कायदे कमी नाहीत. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा आहे. २०२३ च्या चलच्चित्र दुरुस्ती कायद्याने चित्रगृहात चोरून चित्रण करणे व तशी प्रत दाखविणे यांना किमान तीन महिने ते तीन वर्षे कैद, किमान तीन लाख रुपये आणि निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवली आहे. महाराष्ट्राने तर याहून मोठी मजल २००९ सालीच मारली होती. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी १९८१ साली केलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्यांची भर घालण्यात आली. म्हणजे खटला न चालविता, गुन्हा सिद्ध न करता, एखाद्या माणसाला बारा महिन्यांपर्यंत डांबून ठेवण्याची सोय झाली. आणीबाणीत विनाचौकशी स्थानबद्धतेच्या विरोधात ज्यांनी तुरुंगवास सोसला त्यांच्या महाराष्ट्रात चित्रपटाच्या तबकड्या विकणाऱ्यासाठी हाच मार्ग विधिमंडळाने खुला केला, आणि त्याविरुद्ध म्हणावा तसा आवाज उठला नाही.

एवढे करून चोरी थांबली काय? 'छावा'च्या बाबतीत मार्च २०२५ मध्ये मुंबईत सायबर पोलिसांकडे जी तक्रार नोंदविली गेली तिच्यात १,८१८ बेकायदा दुव्यांचा उल्लेख होता. एक दुवा बंद केला की दुसरा उघडतो. आणि मूळ प्रत फुटते तरी कोठून? जून २०१६ मध्ये 'उडता पंजाब'ची जी प्रत प्रदर्शनापूर्वीच बाहेर पडली तिच्यावर सेन्सॉरसाठी असल्याची खूण होती. फितुरी बुरुजाच्या आतून झाली होती. पकडला जातो मात्र तो बहुधा पायथ्याचा: बाजारपेठेतील टपरीत पन्नास रुपयांत भ्रमणध्वनीत चित्रपट भरून देणारा विशीतला पोरगा. त्याचे कृत्य निर्दोष आहे असे नव्हे. परंतु साखळीतील शेवटच्या कडीला सर्वांत जड बेडी घालणारी ही व्यवस्था सावकाराला सोडून जामीनदाराची भांडी उचलणाऱ्या जप्तीसारखी आहे.

चोरटी प्रत म्हणजे क्रांती नव्हे

येथे चळवळीतील काही उत्साही तरुणांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. भांडवलदारांचा चित्रपट फुकट पाहिला म्हणजे भांडवलशाहीला टोला हाणला, चोरटी प्रत हे गरिबांचे सूड उगवण्याचे साधन आहे, असा एक युक्तिवाद त्यांच्याकडून अधूनमधून ऐकू येतो. तो ऐकायला झणझणीत आणि तपासायला पोकळ आहे.

चोरट्या प्रतींचा धंदा हा धंदाच आहे. त्याचा मालक बदलला एवढेच. पाहणाऱ्याला चित्रपट फुकट मिळतो असे वाटते, कारण त्याची किंमत दुसऱ्या खिशातून घेतली जाते. अशा प्रतींवर आणि त्या दाखविणाऱ्या संकेतस्थळांवर सट्टेबाजीच्या जाहिराती झळकत असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये हैदराबादच्या पोलिसांनी तेलुगू चित्रपटांचे एक मोठे चोरटे संकेतस्थळ चालविणाऱ्यास पकडले, तेव्हा सट्ट्याच्या जाहिराती हाच उत्पन्नाचा मोठा स्रोत असल्याचे पोलिसांनी सांगितले. ज्या घरात आठशे रुपयांचे तिकीट परवडत नाही त्या घरातील मुलगा फुकटच्या चित्रपटाच्या वाटेने सट्ट्याच्या दारात पोहोचला तर घरची गाय विकली जाते. चित्रपट उतरवून घेताना त्याबरोबर भ्रमणध्वनीत घुसणारी हेरगिरीची प्रणाली बँकेच्या खात्याची किल्लीच पळविते. श्रीमंताला दुसरा भ्रमणध्वनी आणि वकील परवडतो. शेतमजुराच्या खात्यात पडलेले योजनेचे दीड हजार रुपये एकदा गेले की ते परत आणण्यासाठी हेलपाटे घालण्यातच त्याचे आणखी चार रोज बुडतात. चोरीचा सर्वांत मोठा धोका असा निर्मात्याला नसून फुकट पाहणाऱ्या गरिबालाच आहे.

दुसरे असे की, चोरट्या प्रतीचा घाव सर्वांवर सारखा बसत नाही. पहिल्या तीन दिवसांत हजारो पडदे व्यापून शंभर कोटी गोळा करणारा हिंदी चित्रपट त्यातून सहज तरतो. ज्या मराठी चित्रपटाला पडदाच मोजक्या ठिकाणी मिळतो, ज्याची भिस्त एकाने दुसऱ्याला सांगून हळूहळू जमणाऱ्या प्रेक्षकांवर असते, तो दुसरा आठवडा उजाडण्यापूर्वीच मरतो. मराठी चित्रपटाला मोक्याच्या वेळी पडदा द्यावा असे सरकारने २०१५ साली बजावले होते, आणि दुसऱ्याच दिवसापासून ते आदेश सैल करण्याची खटपट सुरू झाली होती. पडदा आधीच अरुंद, त्यात चोरी. मोठा निर्माता बुडाला तर विम्याकडे, बँकेकडे जातो. छोटा निर्माता बुडाला की त्याने थकविलेली मजुरी प्रकाशयोजना करणाऱ्याची, रंगभूषाकाराची, जेवण पुरविणाऱ्या बाईची असते. टोला भांडवलाला हाणलेला असतो आणि लागतो श्रमिकाला.

कोल्हापूरने काय शिकविले?

नकलेविषयी एवढ्या कठोर नीतीने बोलणाऱ्यांनी कोल्हापूरचा इतिहास आठवावा. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास परदेशी कॅमेऱ्याची रचना समजावून घेऊन आपला देशी कॅमेरा घडविला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२० ला 'सैरंध्री', १९२३ ला 'सिंहगड'. याच १९२३ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने करमणूक कराचा कायदा केला. प्रेक्षकांच्या रांगेकडे सरकारचे लक्ष गेले ते असे वसुलीसाठी. १९२५ साली याच कंपनीने 'सावकारी पाश' काढला. जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा, आणि तो शेतकरी व्ही. शांताराम यांनी रंगविला होता. तो मूकपट आज पाहावयास मिळत नाही. 'सैरंध्री'ही नाही. त्या काळी मोजक्याच प्रती निघत, आणि त्या काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. प्रती पुरेशा झाल्या नाहीत म्हणून महाराष्ट्राने आपल्या शेतकऱ्याचे पहिले मोठे चित्र गमावले.

म्हणून प्रत निघणे हे मुळात पाप नव्हे. कोणासाठी निघते, कोणाच्या फायद्यासाठी निघते आणि मूळ श्रम करणाऱ्याला काय मिळते, यावर तिचे बरेवाईट ठरते.

मग करावयाचे काय?

अनुभव असा आहे की, चोरीला सर्वांत मोठा शह स्वस्ताईने बसतो. २००७ साली मोझर बेअर या देशी कंपनीने चित्रपटांच्या अधिकृत तबकड्या अठ्ठावीस आणि चौतीस रुपयांना बाजारात आणल्या, तेव्हा पदपथावरच्या चोरट्या तबकडीचे आकर्षणच ओसरू लागले. जे पोलिसांच्या छाप्यांना साधले नव्हते ते भावाने साधले. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर पाच टक्क्यांवर आणि त्यावरच्या तिकिटाचा अठरा टक्के असा ठेवण्यात आला. दिशा बरोबर आहे. परंतु शंभर रुपयांचे तिकीट देणारा पडदाच उरला नसेल तर ही सवलत कागदावर राहील.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. तालुक्याच्या प्रत्येक गावी नगरपालिकेचे वा पंचायत समितीचे एक चित्रगृह असावे आणि त्याचे तिकीट एका दिवसाच्या मजुरीच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे. ज्या मराठी चित्रपटाला जनतेच्या तिजोरीतून अनुदान मिळते तो ठरावीक मुदतीनंतर शाळा, ग्रंथालये आणि सार्वजनिक चित्रगृहे यांना विनामूल्य उपलब्ध झाला पाहिजे. अनुदान हे अज्ञानदासाच्या तोड्यासारखे असावे, तोडा घेऊन पोवाडा कुलपात ठेवण्यासाठी नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना त्यांच्या कृतीच्या उत्पन्नात हिरावून न घेता येणारा वाटा मिळाला. तोच न्याय तंत्रज्ञ आणि रोजंदारीवरचे कामगार यांच्या कल्याणनिधीला लावावा. चित्रपट कामगारांसाठी १९८१ साली झालेला स्वतंत्र कायदा २०२० च्या श्रमसंहितेने पोटात घेतला. त्यात रोजंदारीवरच्या माणसाचे संरक्षण पातळ होऊ न देणे हे कामगार संघटनांचे काम आहे. गडावर चित्रीकरणाला परवानगी देताना प्रत्येक कामगाराचा विमा, रात्रीच्या कामाला उजेड आणि धोक्याच्या जागी कठडा या अटी लेखी असाव्यात आणि त्या मोडणाऱ्याची परवानगी जागच्या जागी रद्द व्हावी. आणि विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्यातून चित्रपटाच्या प्रती विकणाऱ्यांचे कलम काढून टाकावे. गुन्हा असेल तर खटला चालवावा.

या मागण्या स्वप्नाळू आहेत असे म्हणणाऱ्यांनी पुन्हा पन्हाळ्याकडेच पाहावे. मार्च २०२५ मध्ये सरकारी खर्चाने 'पन्हाळगडाचा रणसंग्राम' हा लघुपट आणि तो दाखविण्यासाठी आधुनिक चित्रगृह गडावर सुरू झाले. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळ्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. म्हणजे पर्यटकासाठी सार्वजनिक पैशातून चित्रगृह बांधता येते. तेच पायथ्याच्या शेतमजुरासाठी बांधता येत नाही, असे म्हणावयाला आता आधार राहिलेला नाही. जो वारसा साऱ्या जगाचा मानला गेला, तो पायथ्याच्या लोकांचा आधी आहे.

पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी या प्रश्नाची तड लावण्याची सुरुवात एका साध्या गोष्टीने करावी. पुढचा ऐतिहासिक चित्रपट येईल तेव्हा त्याच्या जयघोषात सामील होण्यापूर्वी, आणि त्याच्या चोरट्या प्रतीवर हळहळण्यापूर्वीही, तीन प्रश्न जाहीरपणे विचारावेत: या चित्रपटात राबलेल्या माणसाला रोज किती मिळाला, आपल्या तालुक्यात तो किती पैशांत पाहावयास मिळणार, आणि गडावर त्याचे चित्रीकरण झाले असेल तर कामगारांच्या सुरक्षिततेची कोणती हमी घेतली होती? तहसील कचेरीत हे प्रश्न लेखी द्यावेत आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा.